बंद वाड्यातला आंबा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी लागलेली, भारतातून माझी आई सहा महिन्यांसाठी आलेली, आणि तळघर आवरायचं काम मी दोन वर्षं पुढे ढकललेलं. शेवटी हिने फर्मान काढलं आणि मी नि आमचे चौदा वर्षांचे चिरंजीव मुकाट्याने खाली उतरलो. आवरणं अर्थातच बाजूला राहिलं. एका खोक्यात पोराला एक जाडजूड पुठ्ठ्याचा डबा सापडला. 'द ऑपरेटिव्ह : नो वन लिव्हज फॉरेव्हर' नावाचा कॉम्प्युटर गेम. हा गेम २००० सालच्या नोव्हेंबरात बाजारात आला, आणि त्याच वर्षी मी एच-वन व्हिसावर न्यू जर्सीत उतरलो होतो. चार मराठी मुलं, दोन खोल्यांचं अपार्टमेंट आणि सर्वांत मिळून एक कॉम्प्युटर. तो पहिला हिवाळा आम्ही वर्गणी काढून घेतलेल्या या गेमवर काढला. १९६० च्या दशकातली एक चतुर हेरकन्या, तिचे विनोदी शत्रू, आणि रात्री दोन वाजता उतू जाणारी आमची खिचडी!

पोरगा डबा बघून हरखला. पण आत सीडी होती ती ओरखड्यांनी भरलेली. बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह मागवला, तर त्याने ती वाचायला साफ नकार दिला. गेम विकत घ्यावा म्हणून शोधलं, तर तो कुठेच विक्रीला नाही. मात्र एका वेबसाइटवर तो फुकट उतरवून घ्यायची सोय दिसली. मी माउसवर बोट ठेवलं आणि मागून प्रश्न आला, "बाबा, मागच्या वर्षी मी पिक्चर डाउनलोड करत होतो तेव्हा तुम्ही चोरी म्हणाला होतात. मग हे काय आहे?"

मंडळी, मी गेली पंचवीस वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. लोक प्रतीचे पैसे देतात म्हणून आमच्या घराचा हप्ता जातो. तेव्हा या प्रश्नावर "तुला काय कळतंय" असं म्हणून सुटका नव्हती. बोट उचललं, आणि तो विषय रात्रीच्या जेवणाला ताटात आला.

आधी कायद्याचं सांगतो. अमेरिकेत १९९८ साली कॉपीराइटची मुदत वाढवली गेली. कंपनीने करवून घेतलेल्या कामाचा हक्क आता प्रसिद्धीपासून ९५ वर्षं टिकतो. म्हणजे २००० सालचा हा गेम १ जानेवारी २०९६ रोजी सर्वांसाठी खुला होईल. तेव्हा आमचे चिरंजीव पंच्याऐंशीच्या घरात असतील. ज्याने प्रोग्रॅमची प्रत विकत घेतली आहे, त्याला आपल्यापुरती राखीव प्रत करून ठेवायची मुभा इथल्या कायद्यात आहे. पण दुसऱ्याने परवानगीशिवाय मांडलेली प्रत उतरवून घ्यायला त्यात जागा दिसत नाही. अशा जुन्या गेम्सना इंग्रजीत 'अबॅंडनवेअर', म्हणजे वाऱ्यावर सोडलेला माल, असं लाडकं नाव आहे. कायद्याला हा शब्द माहीत नाही.

"झालं तर मग," ही म्हणाली. "कायद्यात बसत नाही ना? विषय संपला. नियम आपल्या सोयीने वाकवायला पोराला शिकवू नकोस."

पण विषय संपला नाही, कारण पोराने पुढचा प्रश्न टाकला : "हा गेम आहे तरी कुणाचा?" आणि इथे खरी गंमत आहे. गेम बनवला मोनोलिथ या कंपनीने, बाजारात आणला फॉक्स इंटरॅक्टिव्हने. २००३ साली फॉक्स इंटरॅक्टिव्ह व्हिवेंडीकडे गेली, २००८ साली व्हिवेंडीचा गेम्सचा धंदा ॲक्टिव्हिजनमध्ये मिसळला, आणि २०२३ साली ॲक्टिव्हिजन मायक्रोसॉफ्टने घेतली. इकडे मोनोलिथ २००४ साली वॉर्नर ब्रदर्सकडे गेली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत वॉर्नरने ती बंदच केली. मधल्या काळात, २०१४ च्या सुमारास, नाइट डाइव्ह नावाच्या एका छोट्या कंपनीने हा गेम रीतसर परत विक्रीला आणायचा प्रयत्न केला. तिन्ही घरांचे दरवाजे ठोठावले. कुणाकडे नक्की कोणता हक्क आहे याचा कागदोपत्री उलगडा होईना, आणि हक्क आपला असेलही या शंकेपोटी कुणी सोडायलाही तयार होईना. शेवटी प्रयत्न सोडून द्यावा लागला. आपल्याकडच्या भाऊबंदकीतल्या वाड्यासारखंच. सातबारावर नावं ढीगभर, राहायला कुणी नाही, आणि विकायला सह्या मिळत नाहीत.

वाड्याचा उल्लेख ऐकून आई इतका वेळ गप्प होती ती बोलायला लागली. तिच्या माहेरी, वाईजवळच्या गावात, शेजारी असाच एक बंद वाडा होता. मालक मुंबईला, वर्षानुवर्षं फिरकत नसत. परसात रायवळ आंब्याचं झाड, मे महिन्यात आंब्यांचा सडा पडायचा. माझ्या आजोबांनी मुलांना एकच नियम घालून दिला होता : पडलेला आंबा उचलावा, झाडावर दगड मारू नये. आणि मालक आले, तर जाऊन सांगावं की तुमचे आंबे आम्ही खाल्ले.

मला हा नियम फार आवडला, पण तो गेमला कितपत लागू पडतो हे तपासून बघायला हवं. आंबा उचलला की तो मालकाला मिळत नाही. गेमची प्रत काढली तर मूळ प्रत जागच्या जागी राहते. म्हणून अनेक जण म्हणतात, कुणाचं काही गेलंच नाही, तर चोरी कसली? मला हे पटत नाही. मी लिहिलेल्या प्रोग्रॅमची कुणी फुकट प्रत काढली तर माझ्या कॉम्प्युटरमधून काही नाहीसं होत नाही, पण माझ्या कष्टांचं मोल जातं. आपल्याकडे अस्तेय हा पाच यमांपैकी एक मानला आहे, आणि त्याचा अर्थ नुसता वस्तू न उचलण्यापुरता कधीच नव्हता. दुसऱ्याच्या वाट्याची अभिलाषासुद्धा त्यात येते. तेव्हा जे आज विक्रीला आहे, त्याची फुकट प्रत घेणं म्हणजे झाडावर दगड मारणंच, मग तो गेम तीस वर्षांचा असला तरी. कितीतरी जुने गेम्स आज दहा डॉलरच्या आत रीतसर मिळतात. अशा वेळी 'जुना आहे' ही सबब चालणार नाही.

पण जो विकतच नाही, त्याचं काय? इथे माझं मन दुसरीकडे झुकतं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेम्सपैकी सुमारे ८७ टक्के गेम्स आज विक्रीतून नाहीसे झाले आहेत. संशोधकांना ग्रंथालयांतून असे गेम्स घरबसल्या बघता यावेत, अशी सवलत मागितली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. म्हणजे दुकानातही नाही आणि वाचनालयातूनही घरी येणार नाही. तोवर चुंबकीय तबकड्या आणि सीड्या मुकाट्याने सडत राहतात.

हे नुकसान काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण उपलब्ध नाही. १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाची एकही प्रत हाती नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात आग लागली आणि नायट्रेट फिल्मवरचे कितीतरी जुने चित्रपट भस्मसात झाले. त्या काळी कुणी आगाऊपणाने चार जास्तीच्या प्रती काढून ठेवल्या असत्या, तर आज आपण त्याला चोर म्हटलं असतं की उपकारकर्ता? छापखान्याआधी आपले ग्रंथ टिकले तेही कुणीतरी रात्री जागून पोथ्यांच्या नकला केल्या म्हणूनच.

एवढं बोलून मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "तू काय पुराभिलेखागार काढणार आहेस? तुला रविवारी खेळायचंय." बाण वर्मी लागला. जतन करणारा आणि मजा करणारा यांत फरक आहे, आणि दुसऱ्याने पहिल्याची शाल पांघरून हिंडू नये.

शिवाय आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. विक्रीतून गेलेलं कायमचं गेलं असं नसतं. 'सिस्टिम शॉक २' हा १९९९ चा गेम. बनवणारी कंपनी २००० साली बुडाली आणि त्याचे हक्क चक्क एका विमा कंपनीकडे जाऊन पडले. नाइट डाइव्हच्याच माणसाने नेट धरून त्यांना गाठलं, करार केला, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत तो गेम पुन्हा रीतसर विकायला आला. मधल्या वर्षांत ज्यांनी तो फुकट मिळवला, त्यांच्यापैकी किती जणांनी त्या दिवशी पैसे मोजले असतील? वाड्याचे मालक परत आले, तेव्हा किती जण सांगायला गेले?

जेवणं झाली. मी पोराला माझं मत सांगितलं, जसं सुचलं तसं. आधी मनापासून शोधायचं की वस्तू विकत मिळते का. मिळत असेल तर घ्यायची, परवडत नसेल तर थांबायचं. कुठेच मिळत नसेल, तर आपल्यापुरती घ्यायची. ना विकायची, ना तिच्यावर धंदा करायचा. अशा साइट्सपैकी काही जण जतनाचं नाव सांगून जाहिरातींचा पैसा करतात, त्यांच्या वाटेला जायचं नाही. ज्या दिवशी ती पुन्हा विक्रीला येईल, त्या दिवशी पैसे मोजायचे. आणि हे कायद्यात बसतं अशी स्वतःची फसवणूक करायची नाही. ते बसत नाही. मला ते नीतीला धरून वाटतं, एवढंच मी म्हणू शकतो. आमच्या बाबतीत तर गेम एकदा विकत घेतलेला, डबा पुरावा म्हणून टेबलावर.

पोराने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग त्या कॅसेट्सचं काय?"

त्याच तळघरातल्या दुसऱ्या खोक्यात त्याने त्या पाहिल्या होत्या. मराठी नाटकांच्या आणि भावगीतांच्या, हाताने नावं लिहिलेल्या पन्नासेक कॅसेट्स. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी त्या असतील. एकजण भारतातून मूळ कॅसेट आणायचा आणि महिन्याभरात ती वीस घरांत पोचायची. इथे मिळायचंच नाही काही, करणार काय? त्या कॅसेट्सनीच आमची मराठी टिकवली, आणि त्याबद्दल मला आजही अपराधी वाटत नाही.

"पण आता मिळतात ना त्यातल्या?" पोरगा म्हणाला. "मग तुम्ही विकत घेतल्या का?"

घेतल्या नव्हत्या. कितीतरी वर्षांपूर्वीच त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी रीतसर मिळायला लागल्या. मला ठाऊकही होतं. अडचण संपली, पण अडचणीची सवय तशीच राहिली. आंबा पडलेला नव्हता, मी तो तसा समजत होतो. जे 'मिळत नाही' म्हणून क्षम्य होतं, ते मी 'कशाला पैसे घालवा' म्हणून चालू ठेवलं, आणि दोन्हींतला फरक मला चौदा वर्षांच्या मुलाने दाखवला. आई नुसती हसत होती.

त्या रात्री आधी बाप-लेकाने कॅसेट्सची यादी केली. ज्या नऊ आज अधिकृतपणे मिळतात, त्या सगळ्या मागवल्या. यातले काही कलावंत आज हयात नाहीत. पैसे त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत हे खरं. तरी मालक आले नाहीत म्हणून सांगायचं राहिलं, असं व्हायला नको. त्यानंतर मगच तो गेम उतरवला. ही काही न बोलता झोपायला गेली. तिला तो निर्णय पटलेला नाही, आणि तिचं चुकतंय असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

गेमच्या डब्यावर पोराने एक पिवळी चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे : 'विकायला आला की पैसे देणे'. दर महिन्याला तो शोधतो. अजून आलेला नाही.