उरलेले पैसे कोण भरतं?

मी आईशी चौसष्ट हजार रुपयांचं खोटं बोललो.

मे महिन्यात सहा रात्रींसाठी व्हिएन्नाला जाऊन आलो. एकटाच. विमानाचे पंचावन्न हजार, व्हिसा-विमा आणि त्याभोवतीचे चार्जेस मिळून पंधरा, हॉस्टेलच्या आठ जणांच्या खोलीतल्या एका बेडचे चोवीस, खाणंपिणं, फिरणं, तिकिटं आणि एक जॅकेट मिळून तीस. एकूण एक लाख चोवीस हजार. डोंबिवलीला घरी पोचल्यावर बॅग उघडायच्या आधीच आईने विचारलं, "किती गेले रे?" मी म्हणालो, "साठ. सगळं धरून." ती म्हणाली, "मग बरंय."

असं खोटं माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी बोललेलं असतं. बुटांची किंमत निम्मी सांगायची, हेडफोन 'ऑफिसने दिले' म्हणायचं. याला आपण खोटं मानतच नाही. आईच्या जिवाला घोर नको म्हणून केलं, असं स्वतःला सांगतो. माझं खोटं मात्र घरात राहिलं नाही. आई ते कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटली. महिन्याभरात कल्याणच्या मावसभावाचा मेसेज आला : 'दादा, साठ हजारात युरोप कसं केलंस? पूर्ण प्लॅन पाठव ना.' तो एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. पगार बावीस हजार. साठ हजार त्याने साठवलेले होते.

त्या मेसेजला उत्तर द्यायला मला अकरा दिवस लागले.

*

ट्रिप उत्तम झाली, हे आधी कबूल करतो. व्हिएन्नात कमी पैशांत मजा करता येते, ही अफवा नाही. नळाला थेट आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, त्यामुळे बाटली विकत घ्यायची गरज नाही. शहराचा इतिहास सांगणारं 'वीन म्युझियम' २०२३च्या डिसेंबरात नव्याने उघडलं, तेव्हा तिथलं कायमस्वरूपी प्रदर्शन फुकट केलं गेलं. डॅन्यूबमधल्या लांबलचक बेटावर दिवसभर चाललं तरी कुणी तिकीट विचारत नाही. सुपरमार्केटमधला ब्रेड, चीज आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी यावर माझी सहा दुपारची जेवणं झाली.

आणि संध्याकाळी ऑपेरा. व्हिएन्नाचं सरकारी ऑपेरागृह १८६९ साली सुरू झालं. तिथल्या चांगल्या खुर्चीचं तिकीट माझ्या ट्रिपच्या हिशेबात बसणारं नव्हतं. पण तिथे उभं राहून बघायच्या जागा आहेत. त्यांची तिकिटं प्रयोगाच्या दिवशी, दहा-पंधरा युरोच्या आसपास मिळतात. आत शिरलात की आपल्या जागेच्या कठड्याला मफलर किंवा रुमाल बांधायचा. जागा तुमची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आणि डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून ऐरोली असा रोजचा प्रवास करणाऱ्याला तीन तास उभं राहण्याचं काय? इथे तर कुणाची कोपरं लागत नव्हती.

प्रयोग होता वर्डीच्या 'ला ट्राव्हिआटा'चा. इटालियन मला येत नाही, पण कठड्यावर छोटी स्क्रीन असते, त्यावर इंग्रजी शब्द येत राहतात. दुसऱ्या अंकात व्हायोलेटा आणि अल्फ्रेडो पॅरिस सोडून गावाकडच्या घरात राहतायत. तो सुखात गातोय. मग मोलकरणीकडून त्याला कळतं, की या घराचा खर्च व्हायोलेटा आपली चीजवस्तू विकून भागवतेय. त्याला न सांगता. तो शरमेने पैसे आणायला पॅरिसला धावतो.

तिथे उभ्या उभ्या माझे पाय पहिल्यांदा दुखायला लागले.

*

दहा-पंधरा युरोत एवढा मोठा वाद्यवृंद, एवढे गायक, एवढं नेपथ्य परवडतंच कसं? परवडत नाही. त्या ऑपेरागृहाचा मोठा भार ऑस्ट्रियाचे करदाते उचलतात. मी तिथे एक पैसा इन्कम टॅक्स भरलेला नाही. 'बजेट ट्रिप' म्हणून मी मिरवत होतो, त्यात माझी हुशारी थोडी आणि दुसऱ्याचा खिसा बराच होता.

माझ्या बाजूने वकिली करून बघितली. एक : व्हिसाचे नव्वद युरो भरलेत की. पण ते अर्ज तपासण्याचे असतात. ज्यांना व्हिसा नाकारला जातो, त्यांनीही ते भरलेले असतातच. दोन : हॉस्टेलच्या बिलात शहराचा कर होता. होता, पण चहापाण्याइतका. तीन : ती जागा नाहीतर रिकामीच राहिली असती, मी उभा राहिल्याने कुणाचं काय गेलं? हा मुद्दा सगळ्यात दमदार, आणि तरीही अपुरा. सगळेच असं म्हणाले तर काय होतं, ते युरोपातली शहरं बघतायत. व्हेनिसने २०२४च्या एप्रिलपासून काही ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. याच 'ला ट्राव्हिआटा'चा पहिला प्रयोग १८५३ साली त्याच शहरात झाला होता.

मग काय, जायचंच नाही? असं मला वाटत नाही. मी रोज ज्यावर पोट भरतो, त्या कोडमधला अर्ध्याहून जास्त भाग कुणीतरी फुकट लिहून ठेवलेला आहे. त्या माणसाला मी पैसे पाठवत नाही. तो मागतही नाही. पण आमच्या धंद्यात एक अलिखित रीत आहे : एखादी चूक सापडली तर दुरुस्त करून परत पाठव, म्हणजे पुढच्याला ती अडणार नाही. ज्याचं घेतलं त्यालाच फेडता येतं असं नाही. पण घेतलंय हे ठाऊक असावं लागतं. 'स्वस्तात मिळालं' म्हणताना नेमकं तेच विसरायला होतं.

*

आता आईकडे येतो. तिच्याइतकी काटकसर मी कुणात बघितली नाही. स्टेशनवरून शेअर रिक्षा न करता पिशव्या घेऊन चालत येणार. घरी साड्यांना फॉल-पिको करून जे मिळतं ते डब्यात. सावित्रीबाई फुले कलामंदिर आमच्या घरापासून बसने दहा मिनिटांवर आहे. मी शाळेत असल्यापासून तिने तिथे एकही नाटक पाहिलेलं नाही. "चारशे रुपयांत आठवड्याची भाजी येते."

मीही व्हिएन्नात काटकसरच केली. ब्रेड-चटणी खाल्ली, उभा राहिलो. पण एक फरक आहे. मी वाचवलं ते मलाच आणखी मिळावं म्हणून. तिने वाचवलं ते दुसऱ्याला मिळावं म्हणून. आपल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे मला बराच काळ वाटत होतं की हा गुण मी तिच्याकडून घेतला.

दुसऱ्या अंकात पाय का दुखले, ते सांगायचं राहिलं. माझ्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या फीसाठी आईने दोन पाटल्या मोडल्या होत्या. मला ते नोकरी लागल्यावर कळलं, तेही मावशीकडून. आईने कधी विषय काढला नाही. म्हणजे किंमत लपवायची आमच्या घरात जुनीच पद्धत आहे. तिने दिलेलं लपवलं. मी घेतलेलं लपवलं. दोन्हीला 'समोरच्याला त्रास नको' हेच कारण सांगता येतं, म्हणून दोन्ही सारखी वाटतात. पण तिच्या गप्प राहण्याचं ओझं तिच्यावरच होतं. माझ्या खोट्याचं ओझं बावीस हजार पगाराच्या एका मुलावर जाऊन पडणार होतं. साठ हजार घेऊन तो निघाला असता आणि अर्ध्या वाटेत अडकला असता, किंवा 'दादाला जमलं, मला जमत नाही' म्हणून स्वतःलाच कमी समजत बसला असता.

अकराव्या दिवशी मी त्याला पूर्ण एक्सेल शीट पाठवली. एक लाख चोवीस हजार, ओळीवार. त्याचं उत्तर आलं : 'ओके दादा. बरं झालं सांगितलंस.' त्याने ते मावशीला सांगितलं, मावशीने आईला. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा भरताना म्हणाली, "खरं सांगितलं असतंस तर मी जाऊ दिलं नसतं का?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

*

डिसेंबरात कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं चालू होती. हौशी कलाकारांची ही सरकारी स्पर्धा. तिकीट पंधरा रुपये. आईला घेऊन गेलो. नाटक ठीकठाक होतं, एका प्रवेशात दिवा वेळेवर लागला नाही, पण म्हातारीचं काम करणारी बाई इतकी खरी होती की आई पुढे सरकून बसली. आम्ही दोघं खुर्चीत बसलो होतो. उभं राहायची वेळच नव्हती, कारण अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या.

मध्यंतरात तिने तिकीट उलटंसुलटं करून बघितलं. "पंधरा रुपयांत कसं करतात रे हे? उरलेले कोण भरतं?"

"आपणच. सरकार टॅक्समधून भरतं."

तिने हॉलभर नजर फिरवली. "आपणच भरलेत? मग एवढा रिकामा का?"

परतीच्या लोकलमध्ये तिला खिडकी मिळाली. ठाकुर्ली गेल्यावर मी तिला विचारलं, "आई, त्या पाटल्यांचे तेव्हा किती आले होते?"

ती बाहेर बघत म्हणाली, "उतरायचंय. पुढे हो."