जुनं घर कुणाचं?

बँकेत माझ्या काउंटरसमोर एक कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यावर इंग्लंडातलं एक दगडी शेतघर आहे. हातभर जाड भिंती, दारात गुलाब. तिकडे अशा जुन्या घरांची सरकारी यादी असते. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून ही पद्धत चालू झाली. यादीतल्या घराच्या मालकाला खिडकी बदलायची म्हटली तरी परवानगी काढावी लागते. (परवानगी देणारा कारकून तिकडेही जेवायलाच गेलेला असणार.)

हे चित्र डोक्यात घेऊनच मी पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेला गेलो. बैलबाजार पाहिला, एक घोंगडी घेतली (डोंबिवलीच्या उकाड्यात तिचं काय करणार, हे कृपया विचारू नका) आणि घरी आलो, तर दादाने, म्हणजे थोरल्या चुलतभावाने, पुढ्यात कागद ठेवला. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचंय. उताऱ्यावर माझंही नाव, म्हणून माझी सही हवी.

मी भाषणच ठोकलं. सागाचे खांब, कारवीचा कुड, शेणामातीचं लिंपण, उन्हाळ्यातला गारवा! घराच्या बाहेर राहणाऱ्याला घराचे गुण फार लवकर पाठ होतात. शेवटी मी इंग्लंडही काढलं.

"ते दगडाचं ना?" दादा म्हणाला. "मग ते आपलं आपण उभं राहील. हे राहत नाही."

खरंच होतं. कारवी कुजली की कुड नवा बांधायचा. पावसाळ्याआधी कौलं परतायची. तीही आजोबांच्या वेळची नळीची राहिली नव्हती, मंगलोरी आली होती. भिंती बदललेल्या, छप्पर बदललेलं. मग मी जे जतन करा म्हणत होतो, त्यात जुनं होतं तरी काय? चार खांब, आणि दर आठवड्याला जमीन सारवणारे वहिनींचे हात. तेही आता साठीला आले.

कॉमर्समध्ये आम्हाला घसारा शिकवला. वस्तू वापरली की तिची किंमत दरसाल कमी होते. पण या घराची किंमत दादाच्या वहीत उतरत होती आणि माझ्या वहीत, मी राहत नसल्यामुळे, चढत होती. झीज त्यांची, गारवा माझा. असा ताळेबंद ऑडिटरने पाहिला असता तर मला केबिनमध्ये बोलावलं असतं.

"भाऊजी," वहिनी चहा ठेवत म्हणाल्या, "एवढं आवडतं तर तुम्ही राहा इथे. आम्ही जातो तुमच्या ब्लॉकमध्ये. तिथे सारवायला लागत नाही ना?"

मी चहा प्यायलो.

"हे बघ," दादा म्हणाला, "ठेवतो घर. पण दरवर्षी मे महिन्यात आठ दिवस कौलं परतायला यायचं. वर मी चढतो, खालून तू दे."

माझ्या किरकोळ रजा किती शिल्लक आहेत, ते मी मनातल्या मनात मोजलं. मग खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, "सही कुठे करायची?"