आधी वाट झाडू या



आज आगमनकाळाचा दुसरा रविवार. प्रभूसाठी वाट तयार करा, असे संत योहान बाप्तिस्ता आपल्याला सांगत आहे. वाट तयार करणे म्हणजे नेमके काय, याचा विचार करताना आम्हांला कडे चढणाऱ्या माणसांची आठवण झाली.

अमेरिकेत योसेमिटी नावाचे खोरे आहे. तेथील एल कॅपिटन हा सुमारे ३,००० फूट उंचीचा कडा जगभरच्या प्रस्तरारोहकांना खुणावतो. २००४ साली तेथील आरोहकांनीच पुढाकार घेऊन खोऱ्याच्या सफाईचे वार्षिक श्रमदान सुरू केले. उन्हाळ्याची गर्दी ओसरली की स्वयंसेवक जमतात आणि पायवाटांवरचा, कड्याच्या पायथ्याचा कचरा उचलतात. इतरत्रही असे स्वयंसेवक कड्यांकडे जाणाऱ्या वाटा दुरुस्त करतात. एकाने वळण टाळून सरळ उतार धरला की मागचे दहाजण तेथूनच जातात. गवत मरते, माती सुटते, पाऊस ती वाहून नेतो, झाडांची मुळे उघडी पडतात. मग दगड वाहून आणून पायऱ्या बसवाव्या लागतात, पाणी बाजूला काढायला वाटेत तिरपे दगड रोवावे लागतात, चोरवाटा फांद्या टाकून बंद कराव्या लागतात. या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही.

सद्गुण एका कृतीने नव्हे, तर पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीने अंगी बाणतो, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. पायवाटही तशीच पडते. दुर्दैवाने चोरवाटही तशीच पडते.

पोप अकरावे पायस तरुणपणी स्वतः गिर्यारोहक होते. १९२३ साली त्यांनी आल्प्समधील संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत घोषित केले. अकराव्या शतकातील हे धर्मगुरू कोणत्याही शिखरासाठी प्रसिद्ध नाहीत. बर्फाळ खिंडीतून जाणाऱ्या वाटसरूंसाठी त्यांनी आश्रयगृह उभारले. शिखर गाठणाऱ्याला नव्हे, तर वाटसरूंची काळजी वाहणाऱ्याला हा मान मिळाला!

आता आपल्याकडे पाहू. गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आपल्या युवकांसोबत आम्हीही डोंगरावर गेलो होतो. कातळाच्या सावलीत प्रार्थना केली, गाणी म्हटली, जेवलो. उतरताना कागदी थाळ्या आणि पाण्याच्या बाटल्या तेथेच राहिल्या. कोणीतरी उचलील, असे आम्हांलाही वाटले. त्याच वाटेने पायथ्याच्या पाड्यावरील बाया डोक्यावर मोळी घेऊन उतरतात. ओठांवर सृष्टिकर्त्याची स्तुती आणि मागे त्याच्या सृष्टीत आमचा कचरा! ही विसंगती आम्हांला वर्षभर टोचते आहे. आमचीही ही चूक आहे, म्हणून आज ती तुमच्यासमोर कबूल करतो.

येत्या शनिवारी सकाळच्या मिस्सानंतर आपण त्याच डोंगरावर जाऊ. सोबत गोणी, हातमोजे, घमेली आणि पाणी असू द्या. आपला कचरा तर उचलूच. पण पावसाने वाहून गेलेल्या वाटेला हात लावण्याआधी पाड्यातील लोकांना आणि वनखात्याला विचारू, कारण ती वाट रोज तुडवणारे आपण नव्हे. ज्यांना चढवत नाही, त्यांनी घरी बसून आमच्यासाठी एक रोझरी करावी.

नाताळचा गोठा सजवायला अजून दिवस आहेत. आधी वाट झाडू या.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.