होईल सवय!

दुसऱ्याच्या दुःखावर जी स्वस्त औषधे निघाली आहेत, त्यांत 'होईल सवय!' या औषधाचा खप सर्वांत मोठा असावा. नव्या सुनेला, वसतिगृहातल्या पोराला, पहिल्यांदा चष्मा लागलेल्याला आणि बदली होऊन पुलगावच्या उन्हाळ्यात येऊन पडलेल्याला हेच एक औषध देतात. त्याला पैसे पडत नाहीत आणि देणाऱ्याला उगीचच धन्वंतरी झाल्यासारखे वाटते. बँकेच्या काउंटरमागून मीही ते वर्षानुवर्षे वाटत आलो. शेवटी ते मलाच उलटले, आणि तेही पायाच्या वाटेने.

आमच्याकडे एक मारुती 800 आहे. या जातीची पहिली गाडी 1983 च्या डिसेंबरात दिल्लीत रस्त्यावर आली आणि 2014 च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. आमची मधल्या काळातली. म्हणजे थोरलेपणाचा मान नाही आणि शेंडेफळाचे लाडही नाहीत. मागच्या वर्षी सौभाग्यवतीने ही गाडी शिकायचे मनावर घेतले. तिचे माहेर शेजारी नाचणगावला. आई थकलेली. रात्री-अपरात्री निरोप आला की माझ्या मिनतवाऱ्या कराव्या लागत.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "अहो, हे क्लचचं पेडल फार जड आहे. पाय भरून येतो."

"होईल सवय!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या रस्त्यावर, कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेत, गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि प्राण सोडला. मी पाय कसा दाबावा, कसा सोडावा यावर व्याख्यान दिले. चौथ्या दिवशी तिने किल्ली खुंटीला अडकवली. "मला नाही जमायचं." मी ते मोठ्या मनाने मान्य केले. इतक्या मोठ्या मनाने, की आता आठवले तरी लाज वाटते.

पुढे ऑइल बदलायला गाडी मिस्त्रीकडे नेली. तो आत बसला, क्लच दाबला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, हे पायडल हाय का हापशीचा दांडा? तुमाले जड नाही लागत?"

"नाही बुवा," मी म्हणालो. आणि ते अगदी खरे होते!

मग त्याने तपास सुरू केला. आधी गिअरबॉक्सकडचे केबलचे टोक सोडले आणि मला पेडल दाबायला सांगितले. जडच! म्हणजे आतली मंडळी निर्दोष. क्लचप्लेट झिजली तरी पेडल जड होते म्हणे, पण ते मोठ्या खर्चाचे दुखणे टळले. मग पेडलकडचे टोक सोडले, तर पेडल बोटाने झुलू लागले. तेही सुटले. उरली केबल. बँकेत ताळा जमला नाही की आम्हीही असाच एकेक आकडा निर्दोष ठरवत चोर गाठतो. केबल बाहेर काढली, तर आतली तार गंजलेली आणि वळणावर तिचे चार धागे तुटलेले.

"हे एका दिवसाचं काम नाही साहेब. रोज जरा जरा. तुमच्या पायाले कळलंच नाही."

नवी केबल तिरपागडे वळण न देता बसली, पेडलच्या खिळीला ग्रीस लागले, बोटभर मोकळी हालचाल ठेवून नट आवळला. मी सवयीने कुस्तीच्या तयारीनिशी पाय टाकला, तो सरळ तळाला आपटला.

अर्न्स्ट वेबर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 1834 मध्येच दाखवले होते की, हातातले वजन वाढल्याचे कळायला ते आधीच्या वजनाच्या ठरावीक प्रमाणात वाढावे लागते. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, टक्केवारीत. त्याखालची वाढ हिशेबात धरलीच जात नाही. माझ्या पायाने रोजची रक्कम किरकोळ म्हणून सोडून दिली आणि बेरीज कधी केलीच नाही.

मग मी खोटे बोललो का? नाही. मला खरेच जड लागत नव्हते. पण माझ्या पायाला सवय झाली, ही माझ्या पायाची हकीकत होती. ती मी गाडीच्या निर्दोषपणाचा दाखला म्हणून वापरली. नवख्या पायाने पहिल्याच दिवशी खरे सांगितले, आणि मी त्या पायालाच दोषी ठरवले. पेडलपाशी एक बाई हरली, आणि चूक होती तारेत.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक आजी फॉर्म घेऊन आल्या. "बाप्पा, हे काही समजत नाही रे!" जिभेवर आलेले औषध मी गिळले आणि तो फॉर्म जन्मात प्रथमच वाचला. तिसरी ओळ मलाही समजली नाही.

संध्याकाळी घरी सांगितले, "केबल खराब होती. बदलली." तिने खाली येऊन पेडल दाबले. दोनदा दाबले. मग बराच वेळ काही बोलली नाही.

"म्हणजे माझा पाय बरा होता तर."

"हो," मी म्हणालो. "चुकलं माझं."

परवा ती मला घेऊन नाचणगावला निघाली. डाव्या बाजूला ब्रेक नसतो, ही उणीव त्या दिवशी प्रथमच जाणवली. मी सारा रस्ता गाडीची जमीन दाबत होतो.

"अगं, जरा हळू! फार भीती वाटते."

समोरची नजर न हलवता ती म्हणाली, "होईल सवय!"