नावेला पाठ असावी का?

बी.कॉम.ला असताना मी एकच प्रकरण मनापासून वाचले, ते घसाऱ्याचे. जगातली प्रत्येक वस्तू वापरल्याने झिजते आणि ती किती झिजली हे दरवर्षी वहीत लिहून ठेवावे, इतका प्रांजळपणा मला दुसऱ्या कुठल्या शास्त्रात आढळला नव्हता. आयकराच्या नियमांत टेबल-खुर्चीला १० टक्के घसारा आहे, संगणकाला ४० टक्के आहे, आणि (हे फार थोड्यांना ठाऊक असेल) नदी-तलावात चालणाऱ्या नावेला २० टक्के आहे. कारकुनाला किती, ते दिलेले नाही. माझ्या अनुभवाने तो दर चाळिशीपर्यंत शून्य असतो आणि त्यानंतर एकदम संगणकाचा लागू होतो.

आज सत्तेचाळिसाव्या वर्षी माझा उजवा गुडघा उठताना बोलतो, डावा बसताना बोलतो, आणि त्या दोघांच्या संभाषणात कंबर मधेच तोंड घालते. कॉमर्सच्या पदवीधराला अशा वेळी एकच दिलासा असतो. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढला तर कितीही वर्षे गेली तरी मालमत्ता पुरती शून्य होत नाही. थोडीफार उरतेच. या उरलेल्या मालमत्तेचे रविवारी काय करावे, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे.

मी रविवारी मासे धरतो. आमच्या गोंदिया जिल्ह्यात हे फार मोठे धाडस नव्हे. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळे निघताना आम्ही तलावांचा भलामोठा वाटा घेऊन निघालो. नवेगावबांध, बोडलकसा, चोरखमारा ही नावे सहलीच्या निमित्ताने सर्वांना माहीत असतात, पण खरी गंमत गावोगावच्या मामा तलावांची. परगावचे लोक विचारतात, हे कोणाचे मामा? कोणाचेच नव्हेत. ‘माजी मालगुजारी’चे हे लघुरूप. कोहळी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या खपून हे तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांकडे राहिले, आणि १९५१च्या सुमारास मालगुजारी संपली तेव्हा तलाव सरकारजमा झाले. सरकारी भाषेत सापडलेले हे एकमेव प्रेमळ नाते असावे.

सडक अर्जुनीच्या बाजूला अशाच एका मामाकडे मी जातो. तलावातली मासळी गावच्या ढिवरांच्या सहकारी संस्थेची. संस्थेचे एक जुने सभासद आहेत. वय विचारले तर ‘पासष्टाच्या वर असंन जी’ म्हणतात. त्यांना मी बाबाजी म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. संस्थेला ठरलेले पैसे द्यायचे आणि बाबाजींच्या डोंग्यात बसून गरी टाकायची, असा आमचा गेल्या नऊ वर्षांचा करार आहे. कागदावर नाही, म्हणूनच टिकला असेल.

आता ज्यांनी डोंगा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. झाडाचा एक अखंड बुंधा घ्यायचा, आतून कोरायचा आणि पाण्यात सोडायचा, म्हणजे डोंगा होतो. त्यात बसायची जागा माणसाला विचारून केलेली नसते. ज्या झाडाचा डोंगा, त्याचा घेर किती होता यावर ती ठरते. मांड्या पोटाशी, गुडघे हनुवटीशी आणि दोन्ही हात काठावर असे बसायचे. पंचविशीत यालाच आपण ‘ऐटीत बसणे’ म्हणतो. सत्तेचाळिशीत चार तास असे बसून सोमवारी कॅशच्या खिडकीशी मी उभा राहू लागलो की रांगेतले लोक स्लिपा खिशात घालून मदतीला धावतात.

घरी हा विषय निघाला तेव्हा ही म्हणाली, “काठावर बसून धरा. नाहीतर बाजारातून आणा. रोहू तिथेही मिळतो.” आमच्या डॉक्टरांनी ‘आता वयाचा स्वीकार करा’ असे सांगून पैसे स्वीकारले. काठावर बसण्याचा सल्ला तसा ऐतिहासिक आहे. १६५३ साली मासेमारीवरचा जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा इंग्रज आयझॅक वॉल्टन नदीकाठाने हिंडतच मासे धरी, आणि तो नव्वद वर्षे जगला. पण त्याच्या नदीकाठी हिरवळ होती. आमच्या पाळीवर बेशरमीची झुडपे आहेत, आणि त्यात बसलेल्या माणसाकडे पाहून कोण कोणाला बेशरम म्हणते आहे ते कळत नाही.

तेव्हा ठरवले की आपली नाव घ्यायची, आणि ती आरामशीर घ्यायची. मुलाने फोनवर चित्रे काढून दिली आणि तीन महिने मी नावांच्या शास्त्रात बुडून गेलो. त्यातून कळले ते असे. माणूस नावेत जितका खाली बसेल तितकी नाव स्थिर. पण तितके गुडघे वर. गुडघ्यांना सुख द्यावे म्हणून आसन उंच करावे, तर भारमध्य वर जातो आणि नाव माशांच्या बाजूने मतदान करते. म्हणून मग नाव रुंद हवी, बूड सपाट हवे. सपाट बुडाची नाव पाणवनस्पतींतून आणि उथळ पाण्यातून छान सरकते. पण रुंद झाली की जड झाली. जड झाली की वल्ह्याने खांदा जातो, म्हणून मोटार हवी. मोटार आली की बॅटरी आली, बॅटरी उचलताना कंबर गेली. म्हणजे कमरेसाठी सुरू केलेला खर्च फिरून कमरेवरच येऊन बसतो. हवा भरायची रबरी नाव हलकी असते, पिशवीत घालून नेता येते. पण हातात तीक्ष्ण गळ घेऊन रबरी फुग्यात बसायला जी श्रद्धा लागते ती माझ्यापाशी नाही.

अमेरिकेत असलेल्या भाच्याने कळवले, “मामा, पाँटून घे.” हा प्रकार १९५०च्या दशकात मिनेसोटातल्या एका शेतकऱ्याने काढला. पोलादी पिंपांच्या दोन रांगा, त्यावर लाकडी तक्तपोशी. आता त्यावर गाद्या, छत, थंड पेयांची पेटी, गरगर फिरणाऱ्या खुर्च्या असतात म्हणे. मी त्या चित्राकडे बराच वेळ पाहिले. त्याचे मूळ रूप म्हणजे दोन पिंपे आणि एक खाट, हे ज्याला आमच्या बाजूची लग्ने माहीत आहेत त्याला सांगायला नको. पण खाटेवर पडल्यावर मी मासे धरीन की घोरेन, याची मला खात्री देता येईना.

आणि इथेच माझ्या मनात तो प्रश्न वळवळला. आराम नेमका किती घ्यावा? डोंग्यातून गुडघेदुखी काढली तर मासेमारी उरते. उन्हाची तिरीप काढली तरी उरते. डास, ओली पँट, दोन तास न हललेले बोंड, हे सगळे एकेक करून काढत गेलो तर कोणत्या ठिकाणी मासेमारी संपते आणि दिवाणखाना सुरू होतो? दुखणे हा त्या आनंदाचा भाग आहे का, की आपण नुसते सवयीने तसे म्हणतो? ‘कष्टाशिवाय गोडी नाही’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि ते सांगणारा मनुष्य दर वेळी खुर्चीवर बसलेला होता.

सुखाची विचारपूस करायची तर एपिक्युरसला गाठावे लागते. त्याचे नाव काढले की लोकांना मेजवानीच आठवते. खरे तर हा ग्रीक गृहस्थ पाव-पाण्यावर खूश असे, आणि दुःखाचा अभाव हेच मोठे सुख असे त्याचे म्हणणे. ते ऐकून मी लगेच पाठ असलेल्या नावेच्या बाजूने निकाल देणार होतो. पण ख्रिस्तपूर्व २७० साली हा माणूस मेला तो मूतखड्याच्या भयंकर वेदनांत, आणि शेवटच्या दिवशी मित्राला पत्र लिहून त्याने कळवले की दुखणे पराकोटीचे आहे, पण तुझ्याशी झालेल्या बोलण्यांच्या आठवणीचा आनंद मी त्याच्यासमोर मांडला आहे. मला हे फार आवडले. यात कारकुनी आहे. त्याने वेदनेची नोंद खोडली नाही, कमीही दाखवली नाही. तिच्यासमोर जमेची नोंद टाकली. नावा विकणारे लोक फक्त नावेची बाजू कमी करून देतात. जमेची बाजू त्यांच्या दुकानात मिळत नाही. (‘नावे’वर ही कोटी मी करणार नव्हतो, ती आपोआप झाली.)

इथवरचे तत्त्वज्ञान मी एका रविवारी डोंग्यात बसून बाबाजींना सोप्या भाषेत सांगितले. एपिक्युरस वगळला, खुर्चीची नाव सांगितली. ते वल्हे थांबवून म्हणाले, “साहेब, तुमचे गुडघे कायले दुखतेत जी? तुमी त दिवसभर खुर्चीतच असता.”

याला उत्तर नाही. बँकेत संगणक आले तेव्हा गाद्यांच्या, फिरत्या, उंची कमीजास्त होणाऱ्या खुर्च्या आल्या. माझी कंबर त्या खुर्चीत गेली. चोवीस वर्षे आरामात बसून दुखू लागलेल्या अंगाला बरे करण्यासाठी मी तलावातही आरामखुर्ची न्यायला निघालो होतो.

मग मी विचारले, “तुमचे काही दुखत नाही का?”

“दुखते ना जी. पाय दुखतेत, खांदा दुखते. पान्यात उभं राहून राहून हिवाळ्यात त पाय हायेत का नाई तेच समजत नाई.”

“मग तुम्हाला कशी नाव हवी?”

बाबाजी एकदम बोलले नाहीत. माझी कल्पना अशी की हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. डोंग्याचे बुंधे आता मिळत नाहीत, तेव्हा गावातली तरणी पोरे हवा भरलेल्या ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी लावतात, अर्धे अंग पाण्यात ठेवून. नाव कशी हवी हा प्रश्न, नाव असणाऱ्याला किंवा घेऊ शकणाऱ्यालाच पडतो. मी तीन महिने जो प्रश्न नैतिक म्हणून चघळत होतो, तो चघळण्याची सोय माझ्याकडे होती, म्हणून तो नैतिक झाला. माझे दुखणे हे हौसेचे भाडे आहे. जमत नाही म्हटले की मी सोडून देऊ शकतो. बाबाजींचे दुखणे धंद्याचा खर्च आहे, आणि तो खर्च कुठल्याही कागदावर दाखवता येत नाही.

हे मी माहितीने सांगतो, कारण ते कागद माझ्याच टेबलावरून जातात. किसान क्रेडिट कार्ड मासेमारांनाही द्यायचे असे २०१८-१९च्या अर्थसंकल्पात ठरले, आणि चांगले झाले. बीज, खाद्य, तलावाचा भाडेपट्टा असा खेळता खर्च त्यात बसतो. नाव घ्यायची तर मुदत कर्ज. दोन्ही अर्जांत जाळ्याला जागा आहे, नावेला आहे, जामीनदाराला आहे. कमरेला नाही. एका अर्जाच्या अंदाजपत्रकात नावेच्या किमतीखाली ‘बसायची रुंद फळी’ असा वेगळा खर्च लिहिलेला मी पाहिला आहे. त्यावर वरून लाल शाईत शेरा आला, ‘अनुत्पादक’. ज्या खुर्चीत बसून तो शेरा लिहिला गेला तिला आमच्या पुस्तकात १० टक्के घसारा मिळतो.

बाबाजींनी विचार करून सांगितले, “मले बसाचं नाई जी. तुमाले बसाचं हाये, मले उभं राहाचं हाये. खुर्चीत बसून जारं कसं फेकाचं?”

फेकजाळे टाकणाऱ्याला उभे राहून कमरेतून फिरावे लागते. त्याला पाठ असलेले आसन म्हणजे मधेच उभी केलेली भिंत. त्याचा आराम पायाखाली असतो. रुंद, न डुलणारी, न निसरणारी जमीन. म्हणजे तीन महिन्यांत पाहिलेल्या सगळ्या आरामशीर नावा माझ्यासारख्या बसणाऱ्यांसाठी केलेल्या होत्या, आणि बाबाजींच्या अंगाला त्यांतली एकही आरामाची नव्हती.

मी म्हटले, “नाव मी घेतो. सहा दिवस तुम्ही वापरा, रविवारी मी येईन.”

“मंग नाव तुमची, तलाव आमचा,” बाबाजी म्हणाले. यात आभार होते की अट होती ते मला अजून नीट कळलेले नाही, पण हिशेब म्हणून तो चोख आहे. मी भाडे घ्यायचे नाही, संस्थेला रविवारचे पैसे देणे सुरू ठेवायचे, डागडुजी निम्मी निम्मी. एकाचा पैसा आणि दुसऱ्याचे सहा दिवस, मग नाव कोणाच्या अंगाच्या मापाने करायची यावर मात आठवडाभर मला झोप लागली नाही. पैसे देणाऱ्याच्या मापाने, असे कॉमर्स सांगते. सोमवार ते शनिवार सहा आणि रविवार एक, हेही कॉमर्सच सांगते.

गावच्या सुताराने साध्या फळ्यांची, सपाट बुडाची, हातभर जास्त रुंद नाव करून दिली. मधला भाग मोकळा, पायाला पकड यावी म्हणून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. पाठ नाही. रविवारी मी घरून प्लॅस्टिकची खुर्ची नेतो. भारमध्य खाली राहावा म्हणून तिचे चारही पाय बाबाजींनी आरीने वीतभर कापून दिले. तिच्यात पाय समोर पसरून बसता येते, गुडघे गप्प राहतात, कंबर मात्र तासाभराने बोलतेच. कधी मरळ लागतो, बहुधा नाही लागत. बाबाजी पुढे उभे राहून जाळे फेकतात, तेव्हा मी खुर्चीसकट थोडा मागे सरकतो.

घरी सहा खुर्च्यांचा संच होता. पाच राहिल्या. पाहुणे आले की ही सहावी खुर्ची आणते आणि ती नेमकी माझ्यासाठी ठेवते, त्यामुळे सगळ्यांशी मला मान वर करून बोलावे लागते. मानही आता दुखायला लागली आहे.