संशयाचा फायदा

कॅश कमी भरली तर ती कॅशिअरची आणि जास्त भरली तर बँकेची, हा आमच्या धंद्यातला पहिला सिद्धान्त. न्याय-अन्यायावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहून ठेवलंय म्हणतात, बी.कॉम.ला ते नव्हतं. पण संध्याकाळी नोटा मोजताना जो घाम फुटतो, त्यात सगळं तत्त्वज्ञान विरघळलेलं असतं.

संगणकवाल्यांचं शास्त्र ऐकायला मात्र गोड. यंत्राने काय करायचं ते आधी लिहून काढायचं, ते स्पेसिफिकेशन. मग ते तसंच करतंय ना यावर नजर ठेवायची, ते मॉनिटरिंग. म्हणजे लग्नाच्या याद्या आणि पुढचा संसार! याद्यांवर दोन्हीकडच्या सह्या असतात. भांडण होतं ते यादीत नसलेल्या गोष्टीवरून.

प्रोग्राम तपासून चूक सापडते, पण चूक नाहीच हे काही सिद्ध होत नाही, असं डाइक्स्ट्रा नावाच्या डच संगणकशास्त्रज्ञाने पन्नासएक वर्षांपूर्वी सांगून ठेवलं. आमचे बुककीपिंगचे सरही हेच सांगत. तेरीज जुळली म्हणून वह्या बरोबर असं समजू नका. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात. आणि फरकाला नवाने भाग गेला, तर कुठेतरी ५४ चे ४५ झालेत का ते बघा.

आता ब्रिटनच्या पोस्टाची गोष्ट घ्या. तिथे १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली आली. लवकरच ठिकठिकाणच्या सबपोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. पोस्टाच्या म्हणण्यानुसार करारच असा, की तूट मास्तराने भरायची. बिचाऱ्यांनी पदरचे घातले, घरं गहाण टाकली. मदतीसाठी फोन केला, तर अनेकांना सांगण्यात आलं की असं फक्त तुमच्याकडेच होतं. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जण चोरी, खोटे हिशेब असल्या आरोपांखाली दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले.

संगणक नीट चालत होता हे कोर्टात आधी दाखवा, ही इंग्लंडमधली जुनी अट १९९९ च्या एका कायद्याने काढून टाकली होती. यंत्र बरोबरच असणार. चुकलं असेल तर मास्तराने दाखवावं. कसं दाखवणार? ५४ चे ४५ शोधायला वही तर हातात हवी! उलट प्रणाली पुरवणाऱ्या फुजित्सूचे लोक दुरून शाखेच्या हिशेबात हात घालू शकत होते. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, आणि २०२४ मध्ये संसदेने कायदाच करून शेकडो जणांवरचे ठपके पुसले.

म्हणजे नजर ठेवलेली होतीच. फक्त ती माणसावर होती, यंत्रावर नव्हती.

मग चूक कुणाची? प्रोग्राम लिहिणाऱ्याची म्हणावं, तर लिहिणाऱ्याच्या हातून चूक व्हायचीच. खरा अपराध पहिल्या तुटीत नव्हता. शंभरावी तूट आल्यावरही 'हाही चोरच' म्हणण्यात होता. अहो, एकाच दिवशी पाच जुने कॅशिअर शॉर्ट आले, तर साधा शिपाईदेखील म्हणेल, साहेब, आधी ते नोटा मोजायचं मशीन उघडून बघा!

यंत्रावर संशय घेतला तर ते रुसत नाही, आजारपणाची रजा टाकत नाही, त्याच्या पोराबाळांना शाळेत कुणी चिडवत नाही. संशय पचवू शकेल असं ऑफिसात ते एकटंच, आणि संशयाचा फायदा आपण नेमका त्यालाच देतो. तेव्हा स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्या मंडळींनी शेवटी एवढी एक ओळ घालावी : तूट आल्यास यंत्राचीही झडती घेणे.