आघाडीवर कोणाला पाठवायचे?

मोबाइलवरील गोळीबाराच्या खेळांचा विषय निघाला की आपल्या समाजात दोनच तक्रारी ऐकू येतात. पालक म्हणतात, अभ्यास बुडतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, मुले हिंसक होतात. दोन्हींत तथ्य आहे. परंतु या खेळात आणखी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, तो सहसा कोणी विचारत नाही. सर्वांत आधी पुढे कोण जातो आणि त्याला पुढे कोण पाठवतो, हा तो प्रश्न.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये राहतो. मधल्या सुट्टीत मुलांच्या तोंडी 'बीजीएमआय'ची भाषा असते. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ या नव्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. बंदी आली आणि गेली, मुलांची ओढ काही गेली नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, शेवटपर्यंत जो संघ टिकतो तो जिंकतो. चौघांच्या संघात कामे वाटून घेतात. एक जण लांबून नेम धरतो, एक जण डाव ठरवतो, एक जण पाठराखण करतो. चौथा 'असॉल्टर'. शत्रू लपलेल्या घरात आधी तो शिरतो आणि बहुतेकदा पहिली गोळी त्यालाच लागते. पण त्याच्या पडण्याने शत्रू कोणत्या कोपऱ्यात आहे ते कळते. मागचा साथीदार लगेच आत आला तर डाव फिरतो, आणि शत्रूला टिपल्याचे श्रेयही मागच्यालाच मिळते. मागचा उंबऱ्यावर थबकला तर पुढच्याचे पडणे फुकट जाते. जखमी होऊन रांगणाऱ्याला साथीदार जवळ येऊन उठवू शकतो. कोणी आलेच नाही तर तो संपतो.

यात शौर्य आहे काय? जिथे जीव जात नाही तिथे शौर्य कसले, असे कोणी म्हणेल. त्याने कबड्डी आठवावी. चढाईचा गडी एकटाच सात जणांच्या अंगणात शिरतो, बाद होतो, आणि साथीदारांनी समोरचा गडी बाद केला की पुन्हा मैदानात येतो. त्याच्या धाडसाला आपण खोटे म्हणत नाही. दुसऱ्यांसाठी आधी जाण्याची सवय खेळातूनही लागते. फरक इतकाच की कबड्डीत समोरच्याला ठार केल्याची कल्पना करावी लागत नाही, आणि हा फरक लहान नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पबजी मोबाइल पदकासाठी खेळवला गेला, तेव्हा त्याची वेगळी आवृत्ती केली होती. खेळाडूंनी गोळ्या झाडल्या त्या एकमेकांवर नव्हे, निशाण्यांवर.

तरीही हिंसेपेक्षा मला दुसरी गोष्ट अधिक बोचते. असॉल्टरची जागा दर वेळी धाडसी मुलालाच मिळते असे नाही. ज्याचा मोबाइल चांगला तो मागे बसून डाव ठरवतो. जो वयाने लहान, ज्याला संघात घेतले हेच उपकार, त्याला सांगितले जाते, "तू रश कर, हम पीछे हैं." तो जातो. मागचे येतातच असे नाही. अशा वेळी पुढे जाणे ही त्याची निवड राहत नाही, संघात राहण्याची किंमत होते.

आमच्या वस्तीच्या नावातच हा प्रश्न आहे. 'कॅम्प' हा शब्द लष्कराचा. दुसऱ्या महायुद्धात येथे सैनिकांच्या मुक्कामासाठी कल्याण ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. त्या युद्धात हिंदुस्थानी फौजेची संख्या पंचवीस लाखांवर गेली होती. भरतीची सक्ती नव्हती. पण घरात चूल पेटत नसेल तर 'स्वखुशी' या शब्दाला काय अर्थ उरतो? हिंदुस्थान युद्धात उतरल्याची घोषणा व्हाइसरॉयने केली, ती येथील लोकप्रतिनिधींना न विचारता. आघाडीवर गेली ती कोणाकोणाच्या घरची पोरे.

आजही चित्र फारसे वेगळे नाही. रस्त्यावर तंटा उभा राहतो तेव्हा, आपला मोहल्ला असो की शेजारची वस्ती, पहिल्या रांगेत सोळा-सतरा वर्षांची पोरे असतात. चिथावणारे मागे असतात, कधी कधी घरीच असतात. चेहरे टिपले जातात ते पहिल्या रांगेचे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. तिथे पडलेल्याला उठवायला साथीदार येत नाही. एकटी आई येते, वकिलाची फी उसनी घेऊन.

म्हणून केवळ "खेळू नका" म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. मुलांना दोन कसोट्या द्याव्यात असे मला वाटते. पुढे जाणाऱ्याला "नाही" म्हणण्याची मोकळीक होती काय? आणि पाठवणारा स्वतः त्याच्या मागोमाग येणार आहे काय? दोन्हींची उत्तरे 'होय' असतील तर आघाडीवर जाण्यात मान आहे. एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर ज्याला आपण शूर म्हणतो तो केवळ वापरला गेलेला असतो. हे मोबाइलच्या पडद्यावर उमगले, तर उद्या रस्त्यावर कोणी "तू पुढे हो, आम्ही मागे आहोत" म्हणाले की एखादा मुलगा निदान मागे वळून पाहील. तेवढ्यानेही एखादे घर वाचेल.